तीन सूर आणि दहा पेरं

भुताखेतांच्या बाबतीत मध्यरात्रीचं नाव उगाच मोठं झालं आहे. ज्यांनी चेन्नईतली मे महिन्यातली दुपार काढली आहे, त्यांना विचारून पाहा. उन्हाळ्याचे सगळ्यात कडक पंचवीस दिवस, ज्यांना तिथे कत्तिरी म्हणतात, ते सुरू झाले की पश्चिम मांबळमच्या गल्ल्यांत बारा वाजता चिटपाखरू दिसत नाही. झाडाची सावली झाडाच्याच बुंध्याशी अंग चोरून बसते. घरं खिडक्या-दारं लावून घेतात आणि आत एक कोंदट, गरम काळोख भरून राहतो. आपल्याकडची जुनी माणसं भर मध्यान्ही पोराबाळांना विहिरीकडे फिरकू देत नसत, ती काही खुळी नव्हती.

अशाच एका शनिवारी अकराच्या सुमारास कौमुदी वरच्या खोलीतून जिना उतरून खाली आली. हातात एक पेनड्राइव्ह, एक वही, आणि चेहऱ्यावर चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं काहीतरी. काम म्हटलं तर साधंच होतं. घरमालकीणबाईंचा कॉम्प्युटर चालू करून द्यायचा होता. तो बिघडवलाही तिनेच होता.

कौमुदी मिरजेची. इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायच्या नोकरीवर ती ऑक्टोबरात इथे आली, तेव्हा तिला तमिळचं एक अक्षर येत नव्हतं. ती खोली शोधत फिरत असताना घरमालकीण कनकामामींनी तिला दारातच मराठीत विचारलं, "कोण गे तूं? कोणत्या गांवची?" आणि कौमुदीला रडूच आलं. मामी तंजावरकडच्या मराठी घरातल्या. तीनशे वर्षांपूर्वी पूर्वज दक्षिणेत उतरले ते तिथलेच झाले, पण घरात भाषा जपून ठेवली. कौमुदी त्या भाषेला हसली की मामी म्हणायच्या, तुझी मराठी शाळेतली, आमची पेटीतली.

आल्यावर महिन्याभरातच कौमुदीला डेंग्यू झाला. नऊ दिवस मामींनी तिला साराचा भात भरवला. त्यांना स्वतःला दिसत नव्हतं. काचबिंदूने डोळे गेलेले, उजेड आणि सावली एवढंच कळायचं. तरी भिंत चाचपत, एकेक पायरी पायाने शोधत त्या वर यायच्या आणि गोळ्यांच्या पट्टीवर बोट फिरवून किती उरल्या ते सांगायच्या. परक्या मुलुखात असं कोण कुणासाठी करतं? कौमुदी ते विसरली नव्हती. म्हणूनच गुरुवारपासून तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

मामींचे यजमान राघोत्तमराव रेल्वेत नकाशे काढायच्या खात्यात होते. माणूस टापटिपीचा आणि हुन्नरी. डॉक्टरांनी हृदयाचं खरं काय ते सांगितलं, तेव्हा त्यांनी रडारड केली नाही. एक माइक आणला. बायकोला वाचता येत नाही, तिला रोज दुपारी आपणच काहीबाही वाचून दाखवतो, मग आपल्यामागे कोण वाचणार, एवढाच त्यांना घोर होता. त्यांनी तीनशे चौपन्न वाचनं आवाजात भरून ठेवली. चांद्र वर्षाचे दिवस तेवढे असतात, म्हणून तीनशे चौपन्न. गेल्या ज्येष्ठात ते गेले आणि तेव्हापासून मामी रोज एक ऐकत आल्या होत्या. त्यातली शेवटची तीन उरली होती.

कॉम्प्युटरही राघोत्तमरावांनी स्वतः जुळवलेला. एकाच यंत्रात तीन बिऱ्हाडं, म्हणजे तीन वेगवेगळ्या प्रणाली. एक त्यांच्या नकाशांची, एक हैदराबादला असणाऱ्या मुलाची, सुधींद्रची, आणि एक मामींची. बटण दाबलं की आधी एक मेनू यायचा, त्यात तीन नावं: काम, सुधींद्र, कनका. दहा सेकंदांत कुणी काही निवडलं नाही, तर यंत्र आपोआप कनकामध्ये शिरायचं आणि त्या दिवसाचं वाचन सुरू करायचं. पण जिला मेनू दिसत नाही तिला तो आल्याचं कळायचं कसं? राघोत्तमरावांनी तीही सोय केली होती. मेनू आला की यंत्राच्या पोटातली रुपयाएवढी चकती तीन सूर वाजवायची. सा, ग, प. ते ऐकले की मामी बोटांच्या पेरांवर जपासारखे दहा मोजायच्या. दहावं पेर आलं की नवऱ्याचा आवाज.

बुधवारी संध्याकाळी कौमुदीची बढतीची ऑनलाइन परीक्षा होती आणि ऐन वेळी तिच्या लॅपटॉपने मान टाकली. मामी म्हणाल्या, सुधींद्रचें आहे की, वापर. परीक्षा छान झाली. बंद करताना यंत्राने विचारलं, अपडेट करू का? कौमुदीने घाईत हो म्हटलं. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. त्या अपडेटने मेनूला बाजूला सारलं आणि सुरुवातीच्या जागी स्वतःच ठाण मांडलं. गुरुवारी मामींनी बटण दाबलं. सूर आलेच नाहीत. त्या पेरांवर दहा मोजत राहिल्या, पुन्हा दहा, पुन्हा दहा. कौमुदी कारखान्यातून परतली तेव्हाही त्या वेताच्या खुर्चीत तशाच बसल्या होत्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "परवाइल्लै, कांहीं हरकत नाहीं. यंत्र आहे तें. तूं आहेस की."

'तूं आहेस की' हे तीन शब्द कौमुदी दोन दिवस उरावर घेऊन फिरत होती.

तर शनिवारी ती कामाला बसली. पुढची खोली अंधारी होती. खिडकीवर वाळ्याचा पडदा गुंडाळून वर बांधलेला होता. राघोत्तमराव असताना ते स्टुलावर चढून दुपारी त्यावर पाणी मारायचे. या वर्षी त्याला कुणी हात लावला नव्हता. मामी आतल्या खोलीत चटईवर पडल्या होत्या.

शुक्रवारी कारखान्यात करून आणलेला दुरुस्तीचा पेनड्राइव्ह या यंत्राने ओळखलाच नाही. तो नव्या यंत्रांच्या रीतीने बनवलेला होता आणि हे यंत्र जुनं. म्हणजे तोच पेनड्राइव्ह पुसून जुन्या रीतीने पुन्हा बनवायला हवा. यंत्र आता थेट सुधींद्रमध्येच उघडत होतं, तेव्हा तिथेच बसून ते करता येणार होतं. दुरुस्तीची फाईल तिने यंत्रावर उतरवून घेतली आणि आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली.

तेवढ्यात वीज गेली.

पंखा दोन-चार गिरक्या घेत थांबला. यूपीएसवर यंत्र चालू राहिलं, पण त्याची बॅटरी जुनी, फार तर पंधरा मिनिटांची. बंद करून वीज येईपर्यंत थांबावं, हा शहाणपणा. पण दोन दिवसांची टोचणी माणसाला शहाणपण सुचू देत नाही. पाच मिनिटांचं तर काम, उरकून टाकू, असं म्हणून तिने बोटं चालवली.

कारखान्यात तिच्याकडे साठेक यंत्रं होती आणि प्रत्येकात एकच डिस्क. मोजणी शून्यापासून सुरू होते, म्हणून यंत्राची डिस्क शून्य आणि खोचलेला पेनड्राइव्ह नेहमी एक. आधी सगळ्या डिस्कांची यादी काढून पाहावी असं शिकवतात सगळ्यांना, पण रोजच्या कामात ते करतं कोण? अतिपरिचयात अवज्ञा. एक नंबरची डिस्क निवड, असं तिने लिहिलं. यंत्र म्हणालं, निवडली. आता दुसरी ओळ, पुसून टाक. या ओळीनंतर यंत्र खात्रीबित्री काही विचारत नाही. तिने शब्द लिहिला आणि बोट एंटरवर टेकवलं.

सा, ग, प.

बोट तिथेच थांबलं.

यूपीएस असेल, तिने मनाला समजावलं. तेवढ्यात यूपीएस खरोखरच वाजला, त्याचा तो एकसुरी, रडका टुक् आवाज. नाही... हा तो नव्हता. ते सूर मेनूबरोबर वाजायचे, आणि मेनू तर दोन दिवसांपूर्वीच उडाला होता. चालू यंत्रात ते सूर वाजवणारं काहीच उरलेलं नव्हतं.

आतून मामींचा आवाज आला. झोपेतला नव्हता, चांगला जागा होता.

"लागला का गे? सूर आले."

"नाही मामी..." कौमुदी म्हणाली. "अजून मेनू आणलाच नाही मी."

मग मामी हळूच म्हणाल्या, "मग कोणी वाजविले?"

कौमुदीला वास येत होता. ओल्या वाळ्याचा, गार, मातकट वास. आधी पुसट, मग खोलीभर. तिने मान वर करून पडदा पाहिला. तो तसाच गुंडाळलेला, कोरडा, वर्षाची धूळ अंगावर घेऊन. आणि मग पुन्हा, या वेळी अगदी तिच्या गुडघ्यापाशी, हळू, एकेक सूर सुटा करून, कळत नसलेल्या मुलाला समजावून सांगावं तसं...

सा.

ग.

प.

तिने बोट उचललं. लिहिलेला शब्द एकेक अक्षर करून खोडला, आणि कारखान्यात इतक्या महिन्यांत कधी लिहिली नव्हती ती ओळ लिहिली. डिस्कांची यादी दाखव.

शून्य, एक, दोन.

पेनड्राइव्ह दोन नंबरला होता. एक नंबरला एक भलीमोठी डिस्क होती, जिचं सुधींद्रच्या प्रणालीत नावनिशाणही दिसत नव्हतं, कारण ती मामींच्या प्रणालीच्या रीतीने मांडलेली होती. कौमुदीने मोबाईलच्या उजेडात यंत्राच्या पेटीची बाजू उघडली. आत दोन डिस्क शेजारी शेजारी. दुसरीवर कागदाची पट्टी चिकटवलेली, आणि तिच्यावर नकाशांवर असतात तशा सरळ, रेखीव अक्षरांत लिहिलेलं: कनका. हलवूं नये.

काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. एक बोट खाली गेलं असतं, तर तीनशे चौपन्न दुपारी पुसल्या गेल्या असत्या. ज्या बाईने तिला नऊ दिवस भरवलं, तिच्या नवऱ्याचा आवाज तिने स्वतःच्या हाताने मारला असता, आणि त्या बाईने परवाइल्लै म्हटलं असतं. कौमुदी फरशीवर बसली. तिला भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीच्या वर दुसरंच काहीतरी दाटून आलं होतं. त्या रिकाम्या, काळोख्या खोलीला तिने हात जोडले.

"काका, मी पुसून टाकणार होते हो..." ती कुजबुजली. "चूक झाली माझी. फार उपकार झाले तुमचे."

वास हळूहळू विरत गेला. यूपीएस टुक् वाजला, आणि लगेच वीज आली.

पुढचं काम तिने पायरी-पायरीने केलं. प्रत्येक ओळ आधी वहीत लिहिली, मोठ्याने वाचली, मग टाइप केली. पेनड्राइव्ह बनला. त्यावरून यंत्र उठवलं, मामींची प्रणाली शोधली, मेनू पुन्हा पहिल्या जागी बसवला. तासभर गेला. शेवटी तिने पेनड्राइव्ह काढला, मामींना हाताला धरून वेताच्या खुर्चीत आणून बसवलं आणि बटण त्यांनाच दाबायला लावलं.

सा, ग, प. पडद्यावर तीन नावं. मामींचा अंगठा पेरांवर फिरू लागला. दहाव्या पेराला राघोत्तमरावांचा आवाज खोलीत आला, जरा घोगरा, सावकाश, आणि मामींनी डोळे मिटले. उजेड-सावली तेवढी दिसायची, तीही त्यांना तेव्हा नको होती. त्यांनी कौमुदीचा हात घट्ट धरला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"पोरी, मला माझें माणूस आणून दिलेंस," त्या म्हणाल्या.

तुम्ही मला सांभाळलंत त्यापुढे हे काय, असं कौमुदीला म्हणायचं होतं. पण खरा आणून देणारा कोण, तेही सांगावंसं वाटत होतं. तिने दुसरा हात मामींच्या हातावर ठेवला.

गुरुवार-शुक्रवार हुकले होते, म्हणून तिन्ही वाचनं एका बैठकीत ऐकायची ठरली. कौमुदी उठायला लागली तर मामींनी तिला बसवून घेतलं. तीनशे बावन्न झालं, तीनशे त्रेपन्न झालं. तीनशे चौपन्नावं, शेवटचं, सुरू करताना कौमुदीची नजर फाईलच्या तारखेवर गेली. दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. तेव्हा ती मिरजेत होती. चेन्नईचं नावही तिच्या डोक्यात नव्हतं.

राघोत्तमराव आपल्या आजीच्या वहीतून वाचत होते. तंजावरच्या घरी उन्हाळ्यात माठ कसे ठेवत, वाळा कधी भिजवत. वाचता वाचता ते मध्येच थांबले. पानं उलटल्याचा आवाज नाही, खोकला नाही. कुणी बोलत असेल तर आपण थांबतो, तसे थांबले. त्या थांबलेल्या वेळात मागे कुठेतरी यूपीएस एकदा टुक् वाजला.

मग ते म्हणाले, "असूं दे, असूं दे. हात आवरलास ना? झालें मग."

कौमुदीच्या मानेवरून घामाची धार खाली उतरली. तिने मामींकडे पाहिलं. मामींनी डोळे उघडले होते.

"हें शेवटचें भरलें त्या दिवशीं मी सुधींद्राकडे होतें," मामी अगदी हळू म्हणाल्या. "हे घरीं एकटे होते."

वाचन पुन्हा सुरू झालं होतं. वहीतलं पान संपलं, आणि वही मिटल्याचा आवाज आला. "कनके," राघोत्तमराव म्हणाले, "माझें सांगायचें सरलें. आतां पुन्हां पहिल्यापासून ऐक. आणि त्या वरच्या पोरीला ताक दे गे. घामाघूम झाली आहे."

वरची खोली राघोत्तमराव गेल्यानंतर बांधली होती. आई एकटी नको, कुणी भाडेकरू असावा, म्हणून सुधींद्रने. त्यांच्या हयातीत तिथे नुसती गच्ची होती, वाळवणं घालायची.

मामी उठल्या, भिंत चाचपत स्वयंपाकघरात गेल्या आणि आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचा पेला होता. आलं-कढीलिंब घातलेलं पातळ ताक, काठोकाठ. न दिसणाऱ्या बाईने थेंबही सांडला नव्हता.

"घे," त्या म्हणाल्या. चेहरा ओला होता आणि त्या हसत होत्या. "सांगितलें आहे त्यांनी. त्यांचा शब्द मी कधीं मोडला नाहीं."

कौमुदीने पेला दोन्ही हातांनी घेतला. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या. या घराने तिला परकं मानलं नव्हतं. जिवंत माणसाने नाही, आणि गेलेल्यानेही नाही. एवढं कुणाच्या वाट्याला येतं?

वाचन संपलं होतं, पण फाईल चालूच होती. माइक बंद करायचा राहिला असावा. त्यात नुसती खोली ऐकू येत होती, रिकामी, दुपारची. मग खुर्चीचा वेत करकरला. त्यानंतर कुणीतरी घटाघटा काहीतरी प्यालं, आणि रिकामा पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज आला. टण्ण.

कौमुदीने हातातल्या पेल्याकडे पाहिलं. तो अजून काठोकाठ भरलेला होता.

"पी गे," मामी म्हणाल्या. "पुढें काय आहे, ऐकूं या."

तिने डोळे मिटून एका दमात ताक संपवलं, पेला हळूच खाली ठेवला, आणि तो तरीही तसाच वाजला, टण्ण. पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा सांगत होता, फाईल संपायला अजून नऊ मिनिटं होती.